गळती शोधण्याची मजुरी

मोटारीचे कूलंट ही खर्च होणारी वस्तू नाही. पेट्रोल जळते, इंजिन ऑइलही थोडेफार जळते, ब्रेकचे लायनर आणि टायर झिजतात. कूलंट मात्र इंजिन, रेडिएटर, हीटर आणि त्यांना जोडणारे पाईप यांच्या बंद वाटेत फिरत राहते. काही वर्षांनी त्यातली गंजरोधक द्रव्ये निकामी होतात म्हणून ते बदलावे लागते, पण ते आपोआप आटत नाही. तेव्हा बाटलीतली पातळी दर महिन्याला खाली जात असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडते आहे एवढे नक्की. तरीही दहा-पंधरा वर्षांची गाडी गॅरेजात नेली की “जुनी गाडी आहे, थोडं पाणी खाणारच” हे उत्तर मिळते आणि मालक ते मान्य करतो. बाटली भरली जाते, एखादी क्लिप आवळली जाते, गाडी परत जाते. याचा सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. गळती कशी शोधायची हे अनेक मिस्त्र्यांना चांगले ठाऊक असते. पण आपल्याकडे गॅरेजात पैसे मिळतात ते सुट्या भागांचे आणि ते बसवण्याचे. दोष शोधण्यात गेलेल्या वेळाचे कोणी देत नाही. ज्या कामाची मजुरीच नाही ते काम होत नाही, आणि लपलेल्या गळतीच्या बाबतीत ही काटकसर मालकालाच फार महागात पडते.

गळती लपते कशी, हे आधी पाहू. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर दहा सेकंदांना एक थेंब गळत असेल, तर तासाला १८ मिलिलिटर जातात. गाडी रोज दोन तास चालत असेल, तर महिन्याला लिटरभराहून जास्त. लहान पेट्रोल गाडीच्या सगळ्या यंत्रणेत मिळून चार-पाच लिटर कूलंट असते, म्हणजे महिन्याभरात निदान पाचवा हिस्सा गेला. इतके जाऊनही पार्किंगच्या फरशीवर डाग दिसेलच असे नाही, कारण तो थेंब नव्वद अंश तापलेल्या ब्लॉकवर किंवा त्याहून कितीतरी गरम असलेल्या एक्झॉस्टच्या पाइपावर पडतो आणि वाफ होऊन जातो. मागे राहतो तो पांढरट किंवा हिरवट खार, तोही एखाद्या सांध्याच्या मागच्या बाजूला. बऱ्याच गाड्यांना इंजिनाखाली प्लॅस्टिकचे आवरण असते, उरलेसुरले थेंब त्यावर साचतात. काही गळत्या तर याच्या अगदी उलट वागतात. इंजिन गार झाले की धातू आकसतो, सांधा सैल होतो, पहाटे चार थेंब गळतात. इंजिन तापले की सांधा पुन्हा घट्ट बसतो. गॅरेजात पोहोचणारी गाडी गरमच असते. दहा मिनिटे बोनेट उघडून पाहणाऱ्याला अशी गळती दिसणे शक्य नाही, मग त्याचा हात कितीही तयार असो.

जागाही आडबाजूच्या असतात. वॉटर पंपाच्या दांड्याभोवतीचे सील झिजले, तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे म्हणून पंपाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेले असते. तिथून थेंब येऊ लागले की पंप गेला असे समजायचे. पण अनेक इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टच्या झाकणामागे असतो. भोक दिसत नाही आणि कूलंट बेल्टवर पडत राहते. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या गाभ्याला प्लॅस्टिकच्या टाक्या पत्रा दुमडून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षे तापून-निवून ते प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि सांध्यातले रबर कडक पडते. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली पत्र्याची बुचे आतून गंजतात, आणि त्यातले एखादे गिअरबॉक्सच्या आड असते. डॅशबोर्डच्या पोटात हीटरचा छोटा रेडिएटर असतो. महाराष्ट्रात हीटर फार थोडे लोक लावतात म्हणून त्याची कोणाला आठवण नसते, पण अनेक गाड्यांत हीटर बंद असतानाही कूलंट त्यातून फिरतच असते. तो गळू लागला की काचेवर आतून तेलकट धुके धरते, गोडसर वास येतो, पायाखालचा गालिचा ओला होतो. पावसाळ्यात हाच गालिचा दाराच्या रबरातून झिरपलेल्या पाण्यानेही ओला होतो आणि एसीची निचरा नळी तुंबली तरी होतो. एसीचे पाणी बिनरंगाचे, बिनवासाचे असते; कूलंट बोटाला चिकट लागते आणि कागदावर टिपले की रंग दाखवते. ते चाखून मात्र कधीही पाहू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री सांडलेले कूलंट चाटून मरतात.

या सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते टोपणाकडे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या बार दाबापर्यंत टोपण वाट अडवून धरते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते, तेच एक बार जादा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास. टोपणाची स्प्रिंग किंवा रबर गेले की ही वीस अंशांची मोकळीक जाते. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. मे महिन्यात पाच माणसे आणि सामान भरलेली गाडी, एसी चालू, घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा आणि समोरून वारा जेमतेम, अशा वेळी दाब न धरणारे टोपण वाफ सोडते. गाडी सपाटीवर आली की सगळे पुन्हा ठीक दिसते. मग अशा गाडीचा रेडिएटर बदलला जातो, पंप बदलला जातो, आणि सगळ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त भाग जुना तो जुनाच राहतो.

गळती आतल्या आत असेल तर प्रकरण आणखी अवघड होते. सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये हेड गॅस्केट असते. जुन्या अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे इंजिन तापले-निवले की दर वेळी ते गॅस्केट दोन पृष्ठभागांमध्ये घासले जाते. ते एखाद्या जागी फुटले, की इंजिन चालू असताना सिलिंडरमधला प्रचंड दाबाचा वायू कूलंटमध्ये घुसतो आणि बाटलीत बुडबुडे येतात. इंजिन बंद केल्यावर उलट घडते. यंत्रणेत उरलेल्या दाबाने कूलंट हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपते, सकाळी गाडी अडखळत सुरू होते, पांढरा धूर सोडते आणि दोन मिनिटांत सुरळीत होते. बाहेर एक थेंबही सांडत नाही. ऑइलच्या टोपणाखाली दुधासारखा लगदा दिसला की हेड गेले असा निकाल देण्याची घाई इथे होते. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत निव्वळ दमटपणामुळेही तसा लगदा धरतो. तेवढ्या खुणेवर हेड उतरवणे म्हणजे मालकाच्या पैशांवर अंदाज बांधणे.

अंदाजाला पर्याय आहे, आणि तो काही नवा शोध नव्हे. गार इंजिनाचे टोपण काढून त्या जागी हातपंप आणि दाबमापक असलेले प्रेशर टेस्टर बसवायचे, टोपणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब भरायचा आणि अर्धा तास थांबायचे. काटा स्थिर राहिला तर बाहेरची गळती बहुधा नाही. काटा उतरला तर गळती आहे, आणि आता इंजिन गार असल्याने थेंब वाफ होत नाहीत, जिथून निघतात तिथेच दिसतात. जुळते अडॅप्टर असेल तर टोपणही त्याच पंपावर तपासता येते. तरीही जागा सापडली नाही तर कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून गाडी काही दिवस चालवायची आणि मग अतिनील दिव्याने शोधायचे. वाळलेल्या थेंबाची वाटसुद्धा पिवळसर-हिरवी चमकते. हेड गॅस्केटचा संशय असेल तर यंत्रणेतली हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. पेट्रोल इंजिनाच्या जळालेल्या वायूत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, तो कूलंटमध्ये शिरला असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. या चाचण्यांत इंजिन खोलावे लागत नाही. लागतात ती थोडी साधने, शिस्त आणि वेळ. आपल्या गॅरेजात तुटवडा आहे तो वेळाचा, कारण त्या अर्ध्या तासाला बिलात जागा नाही.

वेळाचे पैसे नसले की काय होते, ते बाजारात रोज दिसते. पहिला उपाय बाटलीत नळाचे नाही तर बोअरचे पाणी ओतण्याचा. दर वेळी कूलंट पातळ होते, गंजरोधक द्रव्ये विरळ होतात, आणि दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी मिळणाऱ्या जड पाण्यातले क्षार इंजिनात नेमके सर्वांत गरम जागी बसतात. गळती एका ठिकाणी होती, वर्षभरात गंज सगळीकडे होतो. दुसरा उपाय म्हणजे गळती बुजवणारी भुकटी किंवा द्रव; रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा सल्लाही अजून दिला जातो. घाटात रात्री अडकलेल्या माणसाने यातले काही वापरून गाव गाठले तर त्याला मी नावे ठेवणार नाही. पण भोक बुजवणारे कण भोक आणि बारीक नळी यांत भेद करत नाहीत. ते हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजवतात. तिसरा उपाय इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा आणि चौथा फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत चालू, करण्याचा. थर्मोस्टॅटविना इंजिन नीट तापत नाही, जास्त इंधन पिते आणि लवकर झिजते. हे चारही उपाय मालकाला दिलासा देतात आणि गळतीला वेळ देतात. पाचवा प्रकार जास्त खर्चाचा आहे. आधी होज बदला, नाही थांबले तर रेडिएटर, नाही थांबले तर पंप, अशी बदलाबदली चालते आणि प्रत्येक पायरीचे बिल मालक भरतो. तपासणीचे पैसे मागितले असते तर याच मालकाने कुरकूर केली असती.

आणि एवढे करून गळती चालूच राहिली तर शेवट ठरलेला असतो. पातळी इतकी खाली जाते की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो आणि त्याच्या आकड्यावर भरवसा उरत नाही. अनेक गाड्यांचा काटा मुळातच असा बसवलेला असतो की बऱ्याच अंशांच्या फरकापर्यंत तो मध्यावरच थांबतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, असतो तो एक लाल दिवा. तो लागेपर्यंत हेड वाकलेले असू शकते. मग हेड उतरवणे, लेथवाल्याकडे फेसिंग, नवे गॅस्केट, बोल्ट, ऑइल, कूलंट, आणि गाडी आठवडाभर उभी. एका टोपणावर, एका क्लिपवर किंवा एका पंपावर निभावले असते ते इंजिनाच्या कामावर जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो गाडीच्या वयाचा. जिची बाजारातली किंमत लाखभरही उरलेली नाही तिच्यावर तपासणीचा खर्च कशाला? मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. ज्याच्याकडे नवी गाडी आहे त्याला वॉरंटी आहे. जुन्या गाडीच्या मालकाकडे बहुधा दुसरी गाडी घेण्याची ऐपत नसते, आणि चुकीचा भाग बदलण्याचा खर्च त्यालाच सर्वांत कमी परवडतो. शिवाय दोष नेमका कळला की स्वस्त पर्याय हातात येतात. हीटरचा रेडिएटर गळतो आहे हे ठरले, तर डॅशबोर्ड उतरवून नवा बसवायचा की दोन पाईप एकमेकांना जोडून हीटर वगळायचा, हे मालक ठरवू शकतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी दुसरा पर्याय पुष्कळदा चालण्यासारखा आहे, बदल्यात गरम हवेला मुकावे लागते एवढेच. हेडच गेले असेल आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर गाडी काढून टाकण्याचा निर्णयही वेळेवर आणि डोळसपणे घेता येतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते. त्या टप्प्यावर गाडी ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्याला इंजिनाची खरी अवस्था माहीत असणे किती उपयोगाचे, हे सांगायला नको. पीयूसीच्या कागदावर ती कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तपासणीची फी सुरू झाली की तिचाच धंदा होईल; टेस्टर न लावताच ‘तपासले’ म्हणून पैसे घेतले जातील. असे होऊ शकते. पण न लागणारा रेडिएटर माथी मारण्यापेक्षा तपासणीत फसवणे अवघड आहे, कारण प्रेशर टेस्टरचा काटा मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. दाब किती भरला, अर्ध्या तासाने किती राहिला, थेंब कुठे दिसला, या तीन गोष्टी बिलावर लिहून मागाव्यात आणि थेंबाचा फोटो मागावा. बदललेला भाग परत मागावा. डॉक्टरने नाडी पाहून, तपासून औषध लिहिले नाही तरी त्याची तपासणी फी आपण देतो; इंजिनाच्या बाबतीत मात्र नवा भाग पिशवीतून निघाला नाही तर पैसे कशाचे, असे विचारतो. ही अपेक्षाच मिस्त्रीला भाग बदलायला लावते. फसवणुकीची भीती असेल तर आजची पद्धत तिला जास्त पोषक आहे.

जुन्या मिस्त्रीला यंत्राची गरज नसते, हात लावून तो सांगतो, असेही म्हटले जाते. अनुभवी माणसाच्या नजरेबद्दल मला आदर आहे. होज हातात दाबून तो आतून कुजला आहे की नाही, हे ज्याला कळते त्याचा निम्मा शोध तिथेच संपतो, आणि टेस्टर लावल्यावर पाहायचे कुठे हेही त्यालाच कळते. पण गार असताना गळणारा सांधा गरम गाडीत कोणाच्याही नजरेला दिसत नाही. साधन त्याच्या कौशल्याला पुरावा देते, आणि पुरावा असला की त्याला त्या कौशल्याचे पैसेही मागता येतात. साधन परवडण्याचा प्रश्न छोट्या गॅरेजला नक्की आहे, विशेषतः प्रत्येक बनावटीच्या टोपणासाठी वेगळे अडॅप्टर लागते म्हणून. तरी एका वस्तीतली चार-पाच गॅरेजे मिळून एक संच ठेवू शकतात. लेथचे काम आजही ती एकाच कारखान्यात पाठवतात. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून मुले बाहेर पडतात. ती ज्या गॅरेजात उमेदवारी करतात तिथे निदानाला किंमत नसेल, तर शिकलेले वर्षभरात विसरतात.

कधीकधी सगळे करूनही गळती सापडत नाही, हे मान्य करायला हवे. चढावर इंजिनाने जोर लावल्यावरच उघडणारी भेग उभ्या गाडीत दाब धरते. अशा वेळी प्रामाणिक मिस्त्रीने ‘आज सापडली नाही, रंग टाकतो, पंधरा दिवसांनी आणा’ असे सांगावे, आणि मालकाने त्या दिवसाचेही पैसे द्यावेत. मिस्त्रीने होज, रेडिएटर, टोपण, पंप यांतले काय निर्दोष आहे ते दाखवून दिलेले असते. पुढच्या शोधाचे क्षेत्र तेवढे आवळले जाते, आणि निर्दोष भागांवरचा खर्च टळतो.

मालकाकडूनही थोडे काम व्हायला हवे, कारण गळतीचा वेग गॅरेजात एका दिवसात कळत नाही. सकाळी गार इंजिनावर बाटलीच्या बाहेरून पातळीला मार्करने रेघ मारा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा आणि आठवड्याने त्याच जागी, तशाच गार इंजिनावर पुन्हा पाहा. गरम इंजिनाचे टोपण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते. वर भरायचे झाले तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरा आणि किती भरले ते टिपून ठेवा. वास कधी येतो, धूर सकाळीच येतो की चढावर, हीटर लावल्यावर हवा गरम येते की थंड, हेही लिहा. हा कागद घेऊन गॅरेजात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, “आधी प्रेशर टेस्ट करा, त्याचे वेगळे पैसे देतो, भाग नंतर बघू.”